अडकलेला माणूस

नव्या माणसासमोर बाबा गप्प बसले, आणि त्यांचा मुलगा चहाचा कप हातात धरून उभाच राहिला. नवा माणूस म्हणजे कुणी आलागेला नव्हे. संगणकाच्या पडद्यावरचा, चित्रातला, मिशीवाला, चौकटीचा सदरा घातलेला माणूस. रोज सकाळी तो बाबांना वस्तू दाखवायचा आणि त्यांची नावं सांगायचा. माणूस जुनाच, फक्त ऑफिसात नव्यानं बांधून आणलेला. रेघा जास्त रेखीव, मिशी जास्त काळी, पापण्या खऱ्या माणसासारख्या लवणाऱ्या. "ही आहे खुर्ची," नवा माणूस म्हणाला. खुर्ची आली, डुलली, गेली. "हा आहे दिवा." दिवा लागला, विझला. बाबांनी दिव्याकडे पाहिलं, दिवा गेला त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि मग मान वळवून मुलाकडे पाहिलं. काल याच खुर्चीला ते खुर्ची म्हणाले होते. जाडसर, ओल्या आवाजात, पण अख्खा शब्द. परवाही म्हणाले होते. "म्हणा ना बाबा, दि-वा," तो म्हणाला, आणि लहान मुलाशी बोलावं तसा आपला आवाज निघालेला ऐकून त्याचा त्यालाच राग आला. बाबांनी ओठ मिटून घेतले. आतून आई म्हणाली, "काय रे, आज यांचा आवाज नाही तो?" त्यानं कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती.

काम त्याचंच होतं, हीच तर गंमत. त्याची कंपनी शिकवायचे धडे बनवायची; चित्रं हलतात, बोलतात, बोट लावलं की उत्तर देतात असे. आजवर ते सगळं एका प्लगिनच्या जिवावर चालायचं. ब्राउझरला स्वतःला फक्त मजकूर आणि स्थिर चित्रं कळायची, आणि हलणारं-बोलणारं काही आलं की तो ते या भाड्याच्या मदतनिसाकडे सोपवायचा. आता ब्राउझर शहाणा झाला होता. हालचाल, आवाज, स्पर्श, सगळं तो आपलं आपण करायला शिकला होता, जगानं त्याचे नियम ठरवून दिले होते, आणि मदतनिसाला नारळ मिळाला होता. महिनाअखेरीला जुने धडे कंपनीच्या सर्व्हरवरून कायमचे काढून टाकायचे होते. त्याआधी एकेक धडा उकलायचा, बघायचा, आणि नव्या पद्धतीनं पुन्हा लिहायचा. तो इतके दिवस हे अगदी निर्विकारपणे करत होता. वाचा गेलेल्यांसाठी बनवलेला मिशीवाल्याचा धडा त्याच्या वाट्याला आला तेव्हा मात्र त्याला बरं वाटलं होतं, कारण घरी बाबा रोज तोच धडा बघत होते. मेंदूत गुठळी अडकल्यापासून बाबांचा उजवा हात आणि सगळे शब्द गेले होते. कुणाचं नाव घेत नव्हते, पाणी मागत नव्हते. वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्याला येऊन जायच्या आणि जाताना दारात हळू आवाजात बोलायच्या. मग त्यानं घरच्या जुनाट संगणकावर मिशीवाला लावून दिला, आणि एका सकाळी बाबा सरळ म्हणाले, "खुर्ची." आईच्या हातातलं भांडं पडलं होतं. त्यानंतर रोज दोन-चार वस्तू व्हायच्या. त्या वस्तू माणसांकडे मागायला बाबा अजून तयार नव्हते, मिशीवाल्यापुढेच बोलायचे. "पण बोलतायत ना," बाई म्हणाल्या होत्या, "हे टिकवा. बोलणं एकदा थांबलं की परत मागे जातं, मग मला सांगू नका. आवाजात भाव नाही, अगदी सपाट बोलतात, पण तेही येईल." महिनाअखेरीला जुना माणूस जाणार, आणि नव्यापुढे बाबांचं तोंड उघडत नाही. म्हणजे आपल्याच हातांनी आपण बाबांचे शब्द काढून घेतो आहोत की काय, हा विचार त्याला बसथांब्यावर आला, आणि त्याची बस समोरून निघून गेली तरी तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

ऑफिसात त्यानं दोन्ही माणसं शेजारी शेजारी लावली. जुना आणि नवा. दोघं एकाच वेळी तोंड उघडत होते, एकाच वेळी मिटत होते. आवाज तोच, जुन्या फाइलींतूनच उचललेला. खुर्ची त्याच बाजूनं येत होती, तितकीच डुलत होती. त्यानं मिशीचा काळेपणा कमी करून पाहिला, पापण्या लववणं बंद केलं, सदऱ्याच्या चौकटी पुन्हा जुन्यासारख्या वाकड्या केल्या. ही कसली कामं आपण करतो आहोत, असं त्याला मधेच वाटायचं; पोटच्या पोराशी बाप एक शब्द बोलत नाही, आणि पोरगा चित्रातल्या माणसाची मिशी कमी-जास्त करतो आहे. टीमची मुख्य त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. वयानं त्याच्याहून लहान, कामाला वाघ, आणि सगळे तिला झटपट म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. "झालं का मिशीवाल्याचं?" तिनं विचारलं.

"झालं. पण बाबा बोलत नाहीत त्याच्याशी."

"चुकतंय काय?"

"काहीच नाही. तेच कळत नाही ना. दोन्ही तंतोतंत सारखे आहेत."

झटपट वाकून बघत राहिली. "सारखेच आहेत की रे. उलट नवा छान आहे. सवय व्हायला वेळ लागेल त्यांना, दुसरं काय?" तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती गेली. सवय. असेलही. नवा चष्मा लावला की पायऱ्या दोन दिवस वर-खाली होतात, तसं काहीतरी असेल. पण बाबांनी नव्या माणसाकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं ती न रुळलेल्या माणसाची नव्हती. ती नजर त्यानं आधी कुठेतरी पाहिली होती, आणि कुठे ते काही केल्या आठवत नव्हतं.

मग त्यानं एक साधा मार्ग काढला. सर्व्हरवरून धडा जाईल तर जाऊ दे, जुना धडा उचलून घरच्या संगणकातच ठेवला की झालं. जुना ब्राउझर, जुना प्लगिन, जुना माणूस, कुणाच्या बापाची भीती नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यानं सगळ्या फाइली उतरवून घेतल्या आणि धडा घरातल्या घरात चालू केला. वाकड्या चौकटींचा, फिक्या मिशीचा, अस्सल जुना माणूस. "ही आहे खुर्ची," तो म्हणाला. "हा आहे दिवा. ही आहे छत्री." बाबा गप्प. त्यानं पुन्हा लावलं. बाबांनी डावा हात उचलून मांडीवरच्या कपड्याची सुरकुती सारखी केली. म्हणजे नव्याचा दोष नव्हताच, बाबाच मागे गेले होते. बाई म्हणाल्या होत्या तेच झालं होतं, आणि तो मिशा रंगवत बसला होता. काही सुचेना म्हणून त्यानं रोजच्यासारखा सर्व्हरवरचा धडा लावला, आणि उठून खिडकीशी गेला. मागून मिशीवाला म्हणाला, "ही आहे..." आणि बाबा म्हणाले, "छत्री." तो गर्रकन वळला. पडद्यावर छत्री होती. बाबा पडद्याकडे बघत होते, चेहरा अगदी शांत. तोच माणूस, तोच संगणक, तीच छत्री, मधे फार तर दोन मिनिटं. मघाशी नाही आणि आत्ता हो. त्याला हसावं की रडावं कळेना.

"आई, तू बघ जरा," त्यानं आईला बोलावलं. "तुला काही वेगळं दिसतं का?" आई पदराला हात पुसत येऊन बसली. तिला प्लगिन-बिगिन काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तिनं आधी घरातला धडा पाहिला, मग सर्व्हरवरचा. "हे... हे... करतोय बघ हा," ती म्हणाली, "मघाचा नाही करत. मघाचा कसा धडाधड बोलतो."

"हे हे काय?"

"अरे, अडतो तो! तोंड उघडं टाकून बसतो बघ बावळटासारखा. मग हे सांगतात." आणि मग ती एकदम हसली, पुष्कळ दिवसांनी. "खोड जाते का कधी? आमचं लग्न ठरवायला बसले होते सगळे, माझे वडील बोलता बोलता अडले. भर माणसांत. यांनी खाली मान घालून हळूच शब्द पुरवला. वडील तो घेऊन पुढे बोलत सुटले, कुणाला पत्ता नाही. मी आतून ऐकलं ना. तेव्हाच म्हटलं, हा माणूस बरा आहे."

तो आईकडे बघत राहिला. अडतो. खरंच की, मिशीवाला अडत होता. वाक्याचा पहिला भाग आणि वस्तूचं चित्र धड्यातच होतं, पण पुढचा शब्द म्हणजे वेगळी फाइल, आणि ती सर्व्हरवरून यायची. जुना प्लगिन, जुना संगणक, घरातलं रखडत चालणारं इंटरनेट. शब्द येईपर्यंत मिशीवाला 'ही आहे' म्हणून आ वासून थिजायचा, एक डोळा अर्धवट मिटलेला, मिशी एका बाजूला उचललेली. ऑफिसात सर्व्हर भिंतीपलीकडेच होता, तिथे तो कधी थिजलाच नाही. नव्या धड्यात त्यानं सगळे शब्द आधीच आणून ठेवायची व्यवस्था केली होती आणि तिचा त्याला अभिमानही वाटला होता. आणि घरी? घरी तो रोज सकाळी हे बघत होता आणि बघत नव्हता. फाइल येतेय तोवरचा वेळ म्हणजे धडा नव्हेच, तेवढ्यात मान वळवायची, चहाचा घोट घ्यायचा. त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांच्याच डोळ्यांना हे वळण पडलेलं असतं. त्यानं दोन्ही माणसांमधलं सगळं मोजलं होतं, आणि जे मोजायचं तेवढंच नेमकं कचरा म्हणून आधी काढून टाकलं होतं.

बाबा प्रॉम्प्टर होते. पोटापाण्याला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकुनी, पण संध्याकाळ झाली की नाटक. स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही. विंगेत एका खोक्यावर बसायचे, मांडीवर नाटकाची वही, वर एक मिणमिणता दिवा, आणि नट अडला की शब्द द्यायचे. लहानपणी तो बाबांबरोबर जायचा, खोक्याशेजारी जमिनीवर बसायचा, त्याला घामाचा आणि पडद्यांना लावलेल्या खळीचा वास यायचा. शब्द कुजबुजून द्यायचा नाही, प्रेक्षकांत पहिल्यांदा कुजबूजच ऐकू जाते, बाबा सांगायचे. खालच्या पट्टीत, सपाट द्यायचा. शब्द द्यायचा, भाव नाही, भाव नटाचा. आणि नटानंही शब्द घेताना विंगेकडे बघायचं नसतं. बघितलं की दोघांचीही अब्रू गेली. एकदा नाटकात म्हातारा झालेला नट, मुलाचं पत्र वाचून झाल्यावर, नुसता उभा राहिला होता. बाबा गप्प होते. पुढचं वाक्य खोक्याशेजारी बसलेल्या त्याला पाठ होतं, त्याला राहवेना, आणि त्यानं विंगेतून ते खणखणीत सांगून टाकलं. सगळं थिएटर हसलं. घरी येताना बाबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तो अडला नव्हता रे. थांबला होता."

"कळतं कसं?"

"कळतं." मग बरंच अंतर चालून गेल्यावर म्हणाले, "थांबलेल्या माणसाला पुढचं माहीत असतं. अडलेल्याला नसतं. तो आतून हात पसरतो. ते दिसतं." नव्या माणसासमोर बाबा ज्या नजरेनं बसले होते ती नजर त्याला आता आठवली. नाटक सुरळीत चाललं असताना, हातातल्या वहीवर बोट ठेवून, कुणालाच आपली गरज नाही म्हणून निवांत झालेल्या माणसाची ती नजर होती.

मग बाबा शिकत नव्हतेच तर! वाचा-उपचार, प्रगती, सगळं आपण मानून घेतलेलं. बाबा रोज सकाळी एका गरीब बिचाऱ्या मिशीवाल्याला सावरून घेत होते, त्याची लाज राखत होते. आणि आपल्याशी? आपल्याशी त्यांनी एक शब्द बोलू नये? त्याला चक्क हेवा वाटला, चित्राचा. मग हळूहळू, नको असताना, दुसरं काहीतरी दिसायला लागलं. बाबा आजारी पडल्यापासून त्यांच्यासमोर कुणी अडलंच नव्हतं. सगळे त्यांच्याशी वाक्यं तयार करून आणून बोलायचे. मोठ्यानं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. 'बाबा, आता आपण जेवू या हं.' 'बाबा, आज हवा छान आहे की नाही?' प्रश्नही असे की उत्तर त्यातच भरलेलं. शिरायला फट म्हणून कुठे ठेवली नव्हती. तो स्वतः तर दारातच उभं राहून मनात वाक्य जुळवून घ्यायचा आणि मग खोलीत शिरायचा, कारण मधेच शब्द सापडला नाही तर रडू येईल याची त्याला भीती वाटायची.

झटपटला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा तिनं डोळे मोठे केले. "म्हणजे मी ग्राहकाला काय सांगू? इतकी वर्षं लोक आपल्याला शिव्या घालत होते, धडा अडकतो म्हणून. आता अडकत नाही, तर तू म्हणतोस अडकव?"

"सगळ्यांसाठी नाही. आमच्या घरापुरता."

ती जरा वेळ पेन चावत बसली. "कर बाबा. पण ती अडकणारी आवृत्ती इथे आणलीस तर बघ." मग जाता जाता वळून म्हणाली, "झालं की सांग मला. म्हणजे... ते बोलले की." झटपटचं वाक्य मधेच तुटलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं नव्या माणसाला अडायला शिकवलं. 'ही आहे' नंतर विराम, मग शब्द. बाबा विरामभर बघत राहिले आणि काही म्हणाले नाहीत. त्यानं विराम लांबवला, आखडता घेतला, दर वेळी वेगळा केला. मग चित्रही थिजवलं, मिशी उचललेली, डोळा अर्धा मिटलेला, अगदी जुन्यासारखा. एकदा बाबांचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि तो पुढे वाकला, पण बाबांनी आवंढा गिळला होता. मग बाबांच्या तोंडाच्या ज्या बाजूला अजून हसता येत होतं ती बाजू किंचित वर गेली. हे हसणं त्याला उद्देशून होतं की मिशीवाल्याला, सांगणं कठीण होतं. नाटकी अडणं बाबांना कळत होतं, की ते आता खरंच मागे गेले होते, की त्याच्या सगळ्याच कल्पना म्हणजे एका घाबरलेल्या मुलाचे खेळ होते? वाचा-उपचारवाल्या बाई तर हे ऐकून म्हणाल्या होत्या की असं काही नसतं, योगायोग असेल. तिन्ही गोष्टी त्याला सकाळ-दुपार-संध्याकाळ आलटून पालटून खऱ्या वाटत. डोकं नुसतं भणाणून गेलं होतं. महिना संपत आला होता आणि त्याच्या हाती भोपळाच होता.

जुन्या माणसाच्या शेवटच्या संध्याकाळी त्यानं लवकर घरी येऊन धडा लावला. खिडकीतून अजून ऊन येत होतं, पडद्यावरची धूळ दिसत होती. इंटरनेट नेहमीसारखं रखडत होतं, आणि त्याबद्दल त्यानं आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानले. "हा आहे..." मिशीवाला थिजला. "दिवा," बाबा म्हणाले. "ही आहे..." "छत्री." "हे आहे..." बराच वेळ काही आलं नाही, मिशीवाला अवघडून, डोळा अर्धा मिटून राहिला. "घर," बाबा खालच्या पट्टीत म्हणाले, आणि पाठोपाठ मिशीवाल्यालाही शब्द मिळाला. घर, तो आनंदानं म्हणाला. मग धडा संपला. मिशीवाला हात हलवत हलवत उजवीकडून निघून गेला, आणि उरला करडा पडदा. बाबा त्या पडद्याकडे बघत होते. आत आईचं काहीतरी चाललं होतं, नळाचा आवाज येत होता.

हे त्यांना सांगायला हवं, त्याला वाटलं. त्यांना कळो न कळो. उद्या सकाळी ते खुर्चीत येऊन बसणार आणि कुणी येणार नाही, हे न सांगणं म्हणजे फसवणूक. त्यानं बसमध्ये वाक्य जुळवलं होतं, चांगलं होतं, सोपं होतं. तो स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसला, त्यांच्यासारखाच पडद्याकडे तोंड करून. "बाबा," तो म्हणाला, "उद्यापासून हा माणूस..." आणि पुढचं गेलं. गेलं म्हणजे साफ गेलं. बसमधलं वाक्य कुठे होतं, कसं होतं, काही नाही. डोळ्यांसमोर फक्त करडा पडदा पसरत चालला. त्यानं तोंड उघडं ठेवलं. नळ बंद झाला. आपण असे किती वेळ बसलो आहोत, हे त्याला समजेना.

"येणार नाही," डाव्या बाजूनं आवाज आला. खालच्या पट्टीत, सपाट, भाव नसलेला.

त्याची मान वळायला निघाली होती, ती त्यानं आवरली. वस्तू नव्हती ती. खुर्ची नाही, दिवा नाही. बाबांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक नव्हतं आणि वाक्याचा कल ओळखून त्यांनी दिलं होतं, हे आता विचारायचं नव्हतं. नटानं विंगेकडे बघायचं नसतं. "येणार नाही," तो समोर बघत म्हणाला. आवाज फाटला, तरी त्यानं वाक्य पुरं केलं. "उद्यापासून हा माणूस येणार नाही, बाबा. पण मी..."

इथे तो थांबला. थांबला की अडला, त्याचं त्यालाच कळेना. बाबांना मात्र कळलं. शेजारी, खोक्यावर बसलेला माणूस शब्द देण्याआधी घेतो तसा एक बारीक श्वास घेतल्याचं त्याला ऐकू आलं.

"आहे," बाबा म्हणाले.

आणि त्यानं, विंगेकडे न बघता, तो शब्द घेतला.